यंदाचे सात अल्बम, अर्ध्या आवाजात

दरवर्षी डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मी एक यादी करतो. टाचणवहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलने. वर्षभरात आलेल्या हेवी मेटल अल्बमपैकी मला आवडलेले सात, खालून वर. ही यादी आजवर मी कुणाला दाखवली नव्हती. इथे नेहमी येणाऱ्यांना माझ्याकडून उर्दू शाळांची पटसंख्या, आपली कोकणी बोली, रोह्याचा बाजार असल्या विषयांची सवय आहे. शेहेचाळीस वर्षांचा, उर्दू आणि मराठी शिकवणारा, जुम्याला पहिल्या रांगेत नसला तरी मशिदीत असणारा मास्तर पेणहून रोह्याला जाताना कानात किंकाळ्या ऐकत असतो, हे सांगायला थोडं धाडस लागतं. यंदा ते करतोय, कारण यंदाची यादी वेगळ्या नियमाने झाली आहे. तो नियम मी केला नाही. पनवेलच्या कानाच्या डॉक्टरांनी केला.

आधी हे वेड लागलं कसं ते सांगतो.

१९९३ साली मी चौदा वर्षांचा होतो. मोठे भाई दुबईहून पहिल्या सुट्टीवर आले. बॅगेत अम्मीसाठी कापड, अब्बांसाठी घड्याळ, टँगची बरणी, निडोचा डबा आणि तळाशी एक कॅसेट. वेष्टन काळं, त्यावर नाव जेमतेम दिसणारं. मेटालिका या अमेरिकन बँडचा १९९१ सालचा अल्बम. भाईंना तो त्यांच्या खोलीतल्या कुणी मल्याळी मित्राने दिला होता. त्यांना झेपला नाही, मला झेपला. मी उर्दू माध्यमाचा पोरगा, इंग्रजीचं एक वाक्य धड कळत नव्हतं. पण कुणीतरी चिडलंय आणि ते लपवत नाहीये, एवढं कळलं.

ते वर्ष लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीत मुंबई जळाली होती. फेब्रुवारीत आमच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धनच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटकं उतरली आणि मार्चमध्ये मुंबईत ती फुटली. त्यानंतर रायगडातल्या प्रत्येक मुसलमान घराकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. घरात मोठी माणसं एकच सांगायची, हळू बोल. बाजारात हळू, एसटीत हळू, शाळेत तर बोलूच नको. त्या वर्षी मला मोठा आवाज फक्त त्या कॅसेटमध्ये सापडला, तोही उशीवर टेपरेकॉर्डर ठेवून, अम्मी झोपल्यावर.

पुढे १९९९ साली भेंडीबाजारात उर्दू पुस्तकं आणायला जातो सांगून मी धोबी तलावच्या रंगभवनात गेलो. तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचा. फरहाद वाडियांनी १९८६ साली सुरू केलेला तो महोत्सव म्हणजे मुंबईच्या रॉक ऐकणाऱ्या पोरांचा उरूसच होता. हजारो काळे टी-शर्ट आणि त्यांत पांढऱ्या सदऱ्यातला मी. आडनाव कुणी विचारलं नाही. काही वर्षांनी आवाजाच्या नियमांमुळे रंगभवनातले असे कार्यक्रम बंद झाले, कारण आजूबाजूला इस्पितळं आहेत. तेव्हा आम्ही नियमाला शिव्या दिल्या. आज मी त्या इस्पितळांतल्या खाटांवर पडलेल्या माणसांचा विचार करतो. वय झालं म्हणा, किंवा कान गेले म्हणा.

शीन आणि सीन

कानांचं असं झालं. जुलै महिन्यात आठवीच्या वर्गात उर्दूचं वाचन चाललं होतं. शेवटून दुसऱ्या बाकावरची मुलगी वाचत होती. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, “शीन म्हण, सीन नाही.” ती परत बोलली. मी परत टोकलं. वर्ग गप्प झाला. मग एक पोरगा चाचरत म्हणाला, “सर, ती बरोबर बोलली.” सगळ्या वर्गाने माना हलवल्या.

उर्दूत उच्चार चोख असणाऱ्या माणसाला ‘शीन-काफ दुरुस्त’ असं म्हणतात. बावीस वर्षं मी पोरांचे शीन-काफ दुरुस्त करत आलोय. आणि आता शीन मलाच ऐकू येत नव्हता.

पनवेलला तपासणी केली. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आलेख दाखवला. डावीकडून रेषा सरळ येते आणि ४००० हर्ट्झजवळ खड्ड्यात पडते. ते म्हणाले, मोठ्या आवाजाने कान गेला की तो असाच जातो. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ, थ. माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते निसटतं.

मग त्यांनी विचारलं, “कारखान्यात आहात का?”

“नाही. शाळेत.”

“मग हे कसं?”

मी मान खाली घातली. कारण कारखान्यात कान गमावलेला माणूस बाहेर बाकड्यावर बसला होता. अब्बांना मी सोबतीला म्हणून आणलं होतं, म्हणजे ते मला घेऊन आले होते.

अब्बांनी अठ्ठावीस वर्षं ठाण्याच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर काम केलं. शनिवारी रात्री पेणला यायचे, सोमवारी पहाटे परत. कानात कापसाचे बोळे, तेही स्वतःच्या खर्चाचे. पन्नाशीत ते ओरडून बोलू लागले. साठीत त्यांनी बोलणंच कमी केलं. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. फज्रची अजान त्यांना ऐकू येत नाही, आमची अम्मी हयात होती तोवर ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवायची. मशीन घेऊन दिलं, ते कपाटात आहे. त्यांच्या त्या अठ्ठावीस वर्षांतून माझी डीएड, बीएड झाली. त्यांचे कान आमची घरं उभी करताना गेले. माझे शौकापायी.

नियम

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब डॉक्टरांनी कागदावर लिहून दिला. ८० डेसिबलने ऐकायचं तर आठवड्याला ४० तास चालतील. ९० डेसिबलने ऐकायचं तर ४ तास. दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. खरी गोम गाडीत आहे. मेमूचा खडखडाट एवढा असतो की त्याच्यावर गाणं नेण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवत नेतो. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. गाडी चुकली तर एसटी, तिथे त्याहून वाईट. इतकी वर्षं मी रोज दोन वेळा हेच करत होतो.

तेव्हा यंदा जुलैपासून गाडीत गाणं बंद. घरी, छोट्या स्पीकरवर, आवाजाची पट्टी अर्ध्याच्या वर न्यायची नाही. आठवड्याला चार तास, म्हणजे फार तर पाच अल्बम. उगाच ऐकून टाकायला जागा राहिली नाही. प्रत्येक तास आपल्या गाठीचा खर्च होतोय हे माहीत असलं की माणूस निवडून ऐकतो.

आणि एक गोष्ट कळली, जी तीस वर्षांत कळली नव्हती. पुष्कळसे अल्बम आवाज कमी केला की उरतच नाहीत. त्यांत आवाज सोडून काही नसतं. सप्टेंबरमध्ये ईद-ए-मिलाद ५ तारखेला आणि अनंत चतुर्दशी ६ तारखेला आली, तेव्हा डीजेच्या भिंती आमच्याकडेही आल्या आणि त्यांच्याकडेही. मेटल ऐकणारा माणूस डीजेच्या विरोधात कसा, असं मला सहकारी शिक्षकाने विचारलं. फरक साधा आहे. माझा आवाज मी निवडतो, तो माझेच कान खातो. डीजेचा आवाज म्हाताऱ्याला, तान्ह्या पोराला, आजाऱ्याला विचारत नाही. त्यात आता अमुक धर्माचा तमुक धर्माचा असं काही राहिलेलं नाही.

गाणं जायज की नाजायज हा प्रश्नही येणार, म्हणून एकदाच लिहून टाकतो. उलेमांचं बहुमत वाद्यांच्या विरोधात आहे हे मला ठाऊक आहे. इब्न हज्मसारख्यांनी वेगळं मत दिलं आणि इमाम गजालींनी ‘समा’वर सविस्तर लिहिलं हेही ठाऊक आहे. मी फतवा देणारा नाही. माझा हिशेब मी माझ्या रबला देईन. इथे फक्त यादी देतोय.

यादीआधी एका माणसाचा उल्लेख हवाच. २२ जुलैला ऑझी ऑस्बर्न गेला. त्याच्या सतरा दिवस आधी, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात तो खुर्चीवर बसून शेवटचं गायला. ते मैदान ॲस्टन भागात आहे, ऑझी तिथलाच. आज त्या भागात पाकिस्तानी, बांगलादेशी मुसलमानांची मोठी वस्ती आहे. ऑझीने तरुणपणी मोटारींचे हॉर्न तपासायचं काम केलं, मग कत्तलखान्यात. त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात होता. कामाच्या शेवटच्या दिवशी प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढे बोटांना ताण पडू नये म्हणून तारा सैल लावल्या. तारा सैल झाल्या की सूर खाली उतरतो. हेवी मेटलचा जो खर्जातला जडपणा आहे, त्याच्या मुळाशी पत्र्याचा प्रेस आहे. ही गोष्ट मला पंचवीस वर्षं माहीत होती. अब्बांचा प्रेस आणि तो प्रेस एकच, हे मात्र त्या बाकड्याकडे पाहताना डोक्यात शिरलं.

आता यादी.

७. घोस्ट : ‘स्केलेता’

स्वीडनचा बँड. गायक तोबियास फोर्गे मुखवटा आणि पोपसारखा पोशाख घालून येतो आणि सैतानाचं नाव घेतो. एप्रिलमध्ये आलेला हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला आला. सैतानाचं सोंग मला कधीच आवडलं नाही. आम्ही रोज पाच वेळा ज्याच्यापासून पनाह मागतो त्याची अशी वरात काढू नये. पण खरं सांगायचं तर या माणसाला सैतानात रस नाही, त्याला चाली बांधण्यात रस आहे. कमी आवाजात तर हा जवळजवळ जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांसारखा गोड लागतो. या दौऱ्यात त्याने श्रोत्यांचे मोबाइल बंद करून ठेवायला लावले. शिक्षक म्हणून त्याबद्दल दोन गुण जास्त.

६. बेबीमेटल : ‘मेटल फोर्थ’

ही माझ्या मुलीची शिफारस. ती अकरावीत आहे. जपानच्या तीन मुली, मागे जबर वाजवणारा संच, पुढे नाच. ऑगस्टमध्ये आलेल्या या अल्बममध्ये त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या बँडना सोबत घेतलंय. दिल्लीच्या ब्लडीवुडबरोबरचं गाणं आहे ‘कोन! कोन!’. जपानीत कोल्ह्याच्या ओरडण्याला कोन-कोन म्हणतात. आमच्या घरात ते लागलं की मुलगी आतून ओरडते, “अब्बू, कोण कोण आलंय?” एवढ्यासाठी सहावा क्रमांक. अल्बम म्हणून तो पाहुण्यांनी भरलेल्या घरासारखा आहे. सगळे छान, पण यजमान कुठे आहे ते शोधावं लागतं.

५. डेफ्टोन्स : ‘प्रायव्हेट म्युझिक’

कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटोचा बँड, हा त्यांचा दहावा अल्बम. नाव आणि गाण्यांची शीर्षकं जवळजवळ सगळी छोट्या लिपीत छापली आहेत. इंग्रजीच्या बाईंना याचा राग येईल. मला नाही आला. देवनागरी आणि उर्दू या माझ्या दोन्ही लिप्यांमध्ये मोठं अक्षर आणि छोटं अक्षर असा भेदच नाही. संगीतही तसंच आहे. गिटारची जाड भिंत आणि तिच्यावर चीनो मोरेनोचा कुजबुजल्यासारखा आवाज, पण कुणी कुणाला दाबत नाही. रात्री इशानंतर ऐकायचा अल्बम. क्रमांक पाचच, कारण मधली दोन-तीन गाणी मला एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. दोष माझ्या कानांचाही असेल.

४. टेस्टामेंट : ‘पॅरा बेलम’

यांचा पहिला अल्बम १९८७चा, म्हणजे मी दुसरीत होतो. ऑक्टोबरमध्ये हा नवा आला. गायक चक बिली अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, पोमो जमातीचा. त्याने कर्करोगही पचवलाय. नवा तरुण ड्रमर क्रिस डोव्हास असा वाजवतो की बाकीच्या साठीतल्यांना धावावंच लागतं.

नाव लॅटिन आहे. शांतता हवी असेल तर युद्धाची तयारी ठेवा, या म्हणीतला शेवटचा तुकडा. मे महिन्यात सीमेवर चार दिवस युद्ध पेटलं तेव्हा टीव्हीवरचे निवेदक याच सुरात ओरडत होते. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवसांत दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला आणि मीही, १९९३ मध्ये शिकवलं होतं तसं, हळू बोललो. तेव्हा हे नाव बघून आधी मी अल्बम बाजूलाच ठेवला होता. ऐकला तर कळलं की हा युद्धाचा उन्माद नाही, धास्ती आहे. टीव्हीचा राग दुसऱ्यांना अंगावर घ्यायला लावतो, या अल्बमचा राग ऐकून संपतो आणि माणूस भाजी आणायला जातो. माझ्यासाठी मेटलचा उपयोग तीस वर्षं एवढाच आहे.

३. ब्लडीवुड : ‘नू दिल्ली’

दिल्लीची पोरं. करण कटियार वकिली सोडून यात आला. सुरुवात हिंदी सिनेमाच्या गाण्यांची टिंगल करत मेटलमध्ये वाजवण्यापासून, मग २०२२ मध्ये ‘रक्षक’, आणि यंदा मार्चमध्ये हा. गिटारच्या शेजारी ढोल आणि बासरी. आवाज अर्धा केला तरी ढोल उभा राहतो, कारण आपल्या अंगात तो आधीपासूनच असतो.

माझा आनंद वेगळाच आहे. आठ गाण्यांची नावं बघा. ‘बेखौफ’, ‘किस्मत’, ‘दग्गेबाज’ ही तीन माझ्या उर्दूच्या फळ्यावरून उचलल्यासारखी. ‘हल्ला बोल’ म्हटलं की मला सफदर हाश्मी आठवतात. १ जानेवारी १९८९ला त्याच नावाचं पथनाट्य करताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ‘तडका’ तर चक्क जेवणावरचं गाणं. उर्दू ही परकी भाषा आहे असं सांगणाऱ्यांना मी हा अल्बम ऐकवणार होतो, पण ते पहिल्या मिनिटातच कान झाकतील. तक्रार एकच. सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच ताकदीने मारली आहेत. आठव्या गाण्यापर्यंत मार लागत नाही, सवय होते.

२. डेफहेवन : ‘लोन्ली पीपल विथ पॉवर’

सॅन फ्रान्सिस्कोचा बँड. मार्चमध्ये आलेला सहावा अल्बम. आधीच्या, २०२१च्या अल्बममध्ये गायक जॉर्ज क्लार्क बहुतेक साध्या गळ्याने गायला होता. इथे तो पुन्हा किंचाळतो. आणि त्या किंकाळीच्या मागे गिटार अशी वाजते जसं पावसात अंबा नदीचं पाणी, लांबून एकसंध, जवळ गेलं की हजार धारा.

या किंकाळ्यांत शब्द कुणालाच कळत नाहीत. ज्याचे कान धड आहेत त्यालाही नाही. त्यामुळे हा असा अल्बम आहे जिथे माझा हरवलेला शीन माझा मला खटकत नाही. सगळे श्रोते माझ्यासारखेच.

नावाचा अर्थ, सत्ता हाती असलेली एकाकी माणसं. लोक याचा अर्थ राष्ट्राध्यक्षांपर्यंत नेतात. मला वर्गातला मी दिसलो. हातात खडू, समोर चाळीस पोरं, आणि बरोबर बोलणाऱ्या मुलीला दोनदा चूक ठरवणारा. त्या मुलीची मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर माफी मागितली. पोरांना कानाचा आलेख फळ्यावर काढून दाखवला. तेव्हापासून वाचन घेताना मी बाकांच्या मधून फिरतो, वाचणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो. मुलगी आता मुद्दाम मोठ्याने, शीनवर जोर देऊन वाचते. थोडी थट्टा आहे त्यात. चालेल.

यादीबाहेर

मुलीने विचारलं, “अब्बू, आपल्यातलं कुणी नाही का यात?” यंदाचा अल्बम नाही, पण सांगतो. इंडोनेशियात जावाच्या गारुत भागात तीन मुली आहेत, मर्स्या, विदी आणि सीती. बँडचं नाव ‘व्हॉइस ऑफ बासेप्रोत’. त्यांच्या सुंदानी भाषेत बासेप्रोत म्हणजे गोंगाट करणाऱ्या. तिघी हिजाब घालतात. २०१४ मध्ये मदरशात शिकत असताना त्यांच्या एका शिक्षकाच्या लॅपटॉपवर त्यांना मेटल सापडलं आणि त्याच शिक्षकाने त्यांना वाद्यं हातात दिली. गावातून विरोध झाला, धमक्या आल्या. २०२३ मध्ये त्यांचा ‘रेतास’ हा अल्बम आला आणि २०२४च्या जूनमध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. तिथे वाजवणारा तो पहिला इंडोनेशियन बँड. आम्ही कोकणी जसे शाफई, तसे तेही शाफईच. मुलीने पूर्ण व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, “तो शिक्षक काय शिकवायचा?” मी म्हटलं, तो मुलांना सल्ला द्यायचा, समुपदेशक होता. ती म्हणाली, “म्हणजे ऐकून घ्यायचा.” मी यावर काही बोललो नाही.

१. पॅराडाइज लॉस्ट : ‘असेन्शन’

इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये हॅलिफॅक्स नावाचं जुनं गिरण्यांचं गाव आहे. लोकर आणि गालिच्यांच्या गिरण्या. तिथे १९८८ मध्ये हा बँड सुरू झाला. सप्टेंबरमध्ये, पाच वर्षांच्या अंतराने हा अल्बम आला. निक होम्स गातो, ग्रेगर मॅकिन्टॉशची गिटार आहे. यांचा मेटल संथ आहे. पाय ओढत चालणाऱ्या, पण थांबत नसलेल्या माणसासारखा. दुःखाला घाई नसते हे त्यांना ठाऊक आहे. अर्ध्या आवाजात ऐकला आणि पाव आवाजात ऐकला, त्याचं काही कमी झालं नाही. जे बांधलंय ते पक्कं आहे. एवढं कारण पहिल्या क्रमांकाला पुरेसं होतं. पण दुसरंही आहे.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी मी स्पीकर ओटीवरच्या लाकडी बाकड्यावर ठेवून हा अल्बम लावला होता. अब्बा त्याच बाकड्यावर तसबीह घेऊन बसले होते. त्यांना काही ऐकू जाणार नाही म्हणून मी बंद केलं नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर तसबीह थांबली होती आणि त्यांचा पंजा बाकड्याच्या फळीवर पसरलेला होता. ते फळीकडे पाहत होते.

“ह्ये काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

मी स्पीकरकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता म्हणतील, बंद कर हे शैतानी.

त्यांनी पंजा तसाच ठेवला. मग म्हणाले, “हा तं आमचा पिरेस हाय.”

आणि ते बोलायला लागले. अठ्ठावीस वर्षांच्या कामाबद्दल त्यांनी घरात कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पत्रा सरकव, हात काढ, पाय दाब. पत्रा सरकव, हात काढ, पाय दाब. प्रेसच्या आवाजात कुणाचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून पायातून येणाऱ्या हादऱ्यावर ठेका धरायचा. ठेका चुकला की बोट गेलं. शेजारच्या मशीनवरच्या दोघांची गेली. “माझी धा हाईत,” ते म्हणाले आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. ठेका नीट होता म्हणून दहा आहेत. कानाने नव्हे, अंगाने ऐकायचं.

गाणं संपलं तसा त्यांनी हात उचलला आणि पुन्हा फळीवर ठेवला. पुढचं सुरू झालं होतं.

“अजून हाय का?”

मी बोटांनी पाच गाणी दाखवली.

“ऱ्हाऊ दे.”

आम्ही दोघं असरपर्यंत बसलो. मीही पंजा फळीवर ठेवला. आवाजाची पट्टी अर्ध्याच्या खालीच होती. माझ्या आठवड्याच्या चार तासांतला तो एक तास, आणि त्यातलं कानांनी किती ऐकलं ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर अब्बांनी कपाटातलं मशीन काढलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मशीन कपाटातच आहे. पण रविवारी दुपारी जेवण झालं की ते बाकड्याच्या त्याच टोकाला बसतात आणि फळीवर हलकेच दोनदा थाप मारतात. मी स्पीकर आणून ठेवतो. इतर सहा अल्बमही लावून पाहिले. ब्लडीवुडच्या ढोलाला त्यांनी मान डोलावली. टेस्टामेंटला म्हणाले, हा ऑपरेटर घाई करतो, बोट घालवणार. घोस्टला काहीच म्हणाले नाहीत. तेव्हा ही यादी आता नुसती माझी राहिलेली नाही.

वाचकांना एकच विनंती. तुम्ही काहीही ऐकत असाल, कव्वाली, भजन, नात, लावणी, कान एकदा तपासून घ्या. गाडीत आवाज वाढवू नका. आणि घरात कुणी कारखान्यात कान गमावलेलं म्हातारं माणूस असेल, तर त्याच्या शेजारी बाकड्यावर कधीतरी स्पीकर ठेवून बघा.